फॉर्मवर सही अण्णांचीच लागते

एका ताईंचं मोठं पत्र आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात देते. ताईंचं वय ३६, नोकरी करतात, माहेर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी. वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणतात, वय ६४, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. गेल्या वर्षी खोकला जाईना, आधी टीबीची औषधं झाली, मग सीटी, मग बायोप्सी, आणि कळलं की फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, ॲडिनोकार्सिनोमा नावाचा प्रकार, चौथी स्टेज, म्हणजे पसरलेला. जीन टेस्टमध्ये गोळ्यांवर भागेल असं काही निघालं नाही, इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, खर्च ऐकून तो विषय तिथेच संपला. कार्बोप्लॅटिन-पेमेट्रेक्सेडची केमो झाली, आठ-नऊ महिने चांगले गेले, अण्णा शेतावर चक्कर मारून यायला लागले. आता नवीन स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसतोय. डॉक्टर म्हणतात की पुढची केमो डॉसिटॅक्सेलची, किंवा त्यांच्याकडे एक ट्रायल, म्हणजे नवीन औषधाची पेशंटवर चाचणी, चालू आहे, फेज तीन, म्हणजे तिसरा टप्पा, त्यात निम्म्या पेशंटना डॉसिटॅक्सेल आणि निम्म्यांना कॅन्सरच्या पेशीपर्यंत केमो पोचवणारं नवीन औषध, कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. मोठा भाऊ म्हणतो, "माझा बाप काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे का?" अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, इकडे लोक अशा ट्रायलसाठी धडपडतात, संधी सोडू नका. आई म्हणते देवाच्या मनात असेल ते होईल. आणि अण्णांना कॅन्सर हा शब्द अजून सांगितलेलाच नाही, छातीत जुनं इन्फेक्शन आहे, त्याची सलाईनं चालू आहेत असं सांगितलंय. ताई विचारतात, "आम्ही फॉर्मवर सही करावी की नको? चुकलो तर जन्मभर मनाला लागून राहील. गुरुवारी डॉक्टरांना सांगायचंय."

ताई, तुमच्या प्रश्नातल्या पहिल्याच शब्दापाशी मी अडकले. "आम्ही सही करावी का." तुमची सही चालतच नाही हो. शुद्धीवर असलेल्या, स्वतःचं भलंबुरं कळणाऱ्या माणसाला ट्रायलमध्ये घ्यायचं तर सही त्याची लागते, मुलाची नाही, मुलीची नाही, बायकोचीही नाही. २०१९ साली आपल्याकडे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल्सचे जे नियम आले त्यात हे स्पष्ट आहे, पेशंटला कळेल अशा भाषेत सगळी माहिती द्यायची, त्याला प्रश्न विचारू द्यायचे, विचार करायला वेळ द्यायचा आणि मग त्याची सही घ्यायची, वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर अंगठा. आणि त्या माहितीच्या कागदावर आजाराचं नाव लिहिलेलं असणारच, फुफ्फुसाचा कॅन्सर, मराठीत. म्हणजे अण्णांना इन्फेक्शन सांगत ट्रायलमध्ये घालता येणारच नाही, आणि कोणी "तुम्ही फक्त सही घेऊन या, त्यांना एवढं सगळं सांगायची गरज नाही" असं म्हणालं तर तिथून सरळ उठून या.

म्हणून ट्रायल घ्यायची का हा तुमचा दुसरा प्रश्न झाला. पहिला हा की अण्णांशी बोलायचं कसं.

मी २२ वर्षं कॅन्सरच्या ओपीडीत सोशल वर्कर म्हणून काढलीत, न सांगणारी घरं शेकड्याने पाहिलीत आणि त्यातल्या एकाही घराला मी नावं ठेवणार नाही, माया असते म्हणूनच लपवतात. ऐकलं तर खचतील, अन्न सोडतील, हीच भीती सगळीकडे. पण जरा अण्णांच्या बाजूने बघा. दर तीन आठवड्यांनी सलाईन लागतंय, तोंडाची चव गेलीये, शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या डोक्यावर एक केस नाही, दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते तर आत शिरताना दिसतंच. ज्या माणसाने जन्मभर हलत्या गाडीत उभं राहून वेबिल भरलं आणि रात्री डेपोत येऊन पै-पैचा हिशेब जुळवून दिला, त्याला एवढा हिशेब लागला नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? माझा अनुभव असा की बहुतेक वेळा पेशंटला कळलेलं असतं, आणि पोरांना त्रास नको म्हणून तो न कळल्यासारखं दाखवतो. पोरं त्याच्यापासून लपवतात, तो पोरांपासून लपवतो, आणि रात्री सगळेच जागे.

सांगताना बातमी फोडायची नसते, आधी विचारायचं असतं. सकाळचा चहा झाला की टीव्ही बंद करा, घरात पाव्हणे-रावळे नसू देत, आणि तुम्ही किंवा भाऊ, अण्णा ज्याच्याशी जास्त मोकळं बोलतात त्याने विचारा, "अण्णा, इतके महिने दवाखाना चाललाय, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, आपण लगेच "काही नाही हो, बरे व्हाल" म्हणून ती शांतता भरून काढतो. नका काढू. कदाचित ते म्हणतील गाठीचं काहीतरी असणार, कदाचित सरळ तो शब्दच उच्चारतील, आणि कदाचित म्हणतील मला काही सांगू नका, तुमचं तुम्ही बघा. तेही उत्तर आहे, न जाणून घ्यायचा हक्क माणसाला असतोच, फक्त मग ट्रायलचा रस्ता बंद होतो आणि नेहमीचे उपचार डॉक्टरांशी बोलून ठरवायचे. पण ते उत्तर त्यांच्या तोंडून यायला पाहिजे, त्यांना झेपणार नाही असं आपण परस्पर ठरवायचं नाही. आकडे, महिने, किती दिवस हातात आहेत, हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नका. आणि आईलाही या बोलण्यात घ्या, देवाच्या मनातलं असेल ते असेल पण अण्णांच्या मनातलं त्यांना सगळ्यात जास्त माहीत असणार.

मी हे एवढं ताणून धरतेय त्याला कारण आहे. आमच्याकडे एक शेतकरी बाबा होते, त्यांना एका सुरुवातीच्या टप्प्यातल्या ट्रायलबद्दल विचारलं होतं. मुलगा आणि जावई दोन दिवस माझ्या टेबलासमोर बसून भांडत होते, औषधाने किती महिने वाढतील, नाही वाढले तर काय, गावात लोक काय म्हणतील. बाबांना शेवटी आत घेतलं, नर्सने सगळा कागद वाचून दाखवला, पाऊण तास गेला, बाबा भिंतीकडे बघत ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, रक्त किती वेळा काढणार? पहिल्या दिवशी आठ वेळा, औषध रक्तात किती वेळ टिकतं ते बघायला. बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले, मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे, शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या, "एक सुई लागायला तीनदा टोचतात बाई, आठ म्हणजे किती झालं?" आणि नाही म्हणाले. मुलगा आणि जावई दोन दिवस ज्यावर भांडले त्यात शिरांचा विषय एकदाही निघाला नव्हता. अण्णांचंही असंच काहीतरी असेल जे तुम्हाला, मला, त्या चुलतभावाला सुचणारही नाही. कदाचित त्यांना नातवाच्या शाळेचं गॅदरिंग चुकवायचं नसेल. कदाचित उलट असेल, मला काहीतरी करून बघायचंय असं म्हणतील. विचारल्याशिवाय कसं कळणार?

आता भावाचा उंदीर. भाऊ उगाच चिडत नाहीये बरं का, त्याला एकदम गप्प करू नका. गरीब, न शिकलेल्या पेशंटना नीट काही न सांगता ट्रायलमध्ये घेतल्याच्या तक्रारी आपल्या देशात झाल्यात, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २०१३ मध्ये कोर्टाने सरकारला चांगलंच धारेवर धरलं आणि त्यानंतर नियम कडक होत गेले. आज कुठलीही अशी ट्रायल सुरू करायची तर पहिला पेशंट घेण्याआधी ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदवावी लागते, तो नंबर घेऊन तुम्ही स्वतः मोबाईलवर बघू शकता की हे औषध काय आहे, कोणाला देतायत, कोण पैसे घालतंय. नैतिकता समिती असते, एथिक्स कमिटी म्हणतात ती, तिच्यात नुसते डॉक्टर नसतात, कायद्याचा माणूस असतो, तुमच्या-माझ्यासारखा सामान्य माणूसही असतो, आणि तिचा फोन नंबर तुमच्या कागदावर छापलेला असतो, तो नुसता दाखवायला नसतो, लावून बघा. पेशंटला काही गंभीर झालं तर २४ तासांच्या आत वर कळवावं लागतं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई ट्रायल करणाऱ्यांवर असते. नियम कागदावर आहेत म्हणून सगळं आपोआप पाळलं जातं असं मी म्हणणार नाही, म्हणूनच विचारत राहायचं. पण उंदराला नाही म्हणता येत नाही, अण्णांना येतं. सही करतानाही येतं, सही केल्यावरही येतं, तिसरी सायकल, म्हणजे औषधाची तिसरी पाळी, झाल्यावर "बास आता" असंही येतं, आणि त्यासाठी कारण द्यावं लागत नाही, पुढचे नेहमीचे उपचार कोणी बंद करू शकत नाही.

आणि भावाला एक वस्तू दाखवा. अण्णांच्या गोळ्यांच्या डब्यात एक छोटी पिवळी गोळी असेल, फॉलिक ॲसिडची, पेमेट्रेक्सेड चालू असताना रोज घ्यायला लावली असेल, शिवाय दर नऊ आठवड्यांनी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन. ही गोळी कुठून आली माहितीये? पेमेट्रेक्सेड जेव्हा नवीन होतं तेव्हा ट्रायलमधल्या काही पेशंटना फार भयंकर त्रास झाला, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, तोंड आलं, जुलाब थांबेनात, काही जण दगावले. शोधता शोधता लक्षात आलं की ज्यांच्या अंगात ही व्हिटॅमिन्स कमी पडतात त्यांना त्रास जास्त होतोय, मग एक मोठी ट्रायल चालू असतानाच मध्येच सगळ्यांना फॉलिक ॲसिड आणि बी-ट्वेल्व्ह द्यायला सुरुवात केली आणि त्रास खरंच कमी झाला. त्या ट्रायलचा निकाल २००३ साली आला. अण्णा आठ-नऊ महिने शेतावर चक्कर मारू शकले त्यात त्या पिवळ्या गोळीचा वाटा आहे, आणि ती गोळी कुणाच्या तरी बापाने, आईने सोसलेल्या त्रासातून आलीये.

डॉसिटॅक्सेलचंही तेच. भावाला वाटतंय की नवीन औषध म्हणजे प्रयोग आणि डॉसिटॅक्सेल म्हणजे पक्कं, पण तेही एकदा असंच तपासलेलं औषध आहे. २००० साली निकाल आला त्या ट्रायलचा, अण्णांसारखेच पेशंट, पहिली केमो होऊन आजार वाढलेले, सगळे मिळून २०४. निम्म्यांना डॉसिटॅक्सेल, निम्म्यांना फक्त त्रास कमी करणारे उपचार. सुरुवातीला डोस मोठा होता, १०० चा (अंगाच्या मापाच्या दर चौरस मीटरला मिलिग्रॅम), औषधाच्याच त्रासाने पेशंट जायला लागले तेव्हा मध्येच डोस ७५ वर आणला. त्या ७५ च्या डोसवर जगण्याचा मधला आकडा ७.५ महिने आला, औषध नसलेल्यांचा ४.६ महिने, आणि वर्षभर जगलेले १०० पैकी ३७ विरुद्ध ११. आज गल्लीबोळातल्या केमो सेंटरमध्येही हाच ७५ चा आकडा धरून हिशेब करतात. मधला आकडा म्हणजे निम्मे त्याच्या आधी गेले आणि निम्मे त्याच्या पुढे, अण्णा कुठे असतील ते कोणीच सांगू शकत नाही, म्हणून हे आकडे तुमच्यापुरते ठेवा.

चुलतभावाला मात्र मी जरा थांबवेन. त्याच्या बोलण्यात एक गृहीत धरलेलं आहे की नवीन म्हणजे चांगलंच असणार, फक्त आपल्यापर्यंत पोचायचं राहिलंय. तसं असतं तर चिठ्ठ्या टाकायची वेळच आली नसती. फेज तीनची ट्रायल घेतात कारण डॉक्टरांना खरोखरच माहीत नसतं की दोन्हीतलं कुठलं बरं. सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅन नावाचं औषध आहे, अँटीबॉडीला केमो जोडलेली, तुम्हाला डॉक्टरांनी जसं वर्णन केलं त्याच जातीचं, ब्रेस्ट कॅन्सरच्या काही प्रकारांत त्याने चांगलं नाव कमावलं होतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ६०३ पेशंटवर ते डॉसिटॅक्सेलशी लावून बघितलं, २०२४ ला निकाल आला, जगण्याचा मधला आकडा ११.१ महिने विरुद्ध ९.८, आणि हा फरक इतका बारीक की योगायोगानेही पडू शकतो, म्हणजे औषध सरस ठरलं असं म्हणता आलं नाही. एवढा गाजावाजा होऊन. पेमेट्रेक्सेडचंही ऐका, १७२५ पेशंटच्या ट्रायलमध्ये, २००८ ची, सगळे पेशंट एकत्र धरले तर नवी जोडी (सिस्प्लॅटिनबरोबर पेमेट्रेक्सेड) आणि जुनी जोडी (सिस्प्लॅटिनबरोबर जेमसिटाबिन) अगदी बरोबरीत, १०.३ महिने. ॲडिनोकार्सिनोमाचे पेशंट वेगळे काढले तेव्हा नवीन औषध पुढे, १२.६ विरुद्ध १०.९, आणि स्क्वामस प्रकारात उलटं, जुनंच बरं. म्हणजे नवीन की जुनं एवढंच नाही, कुणासाठी तेही बघावं लागतं.

चांगलं निघतं तेव्हाही फुकट मिळत नाही. आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलचीच ट्रायल घ्या, २०१६ ते २०१८ मध्ये ३५० पेशंट घेतले, कॅन्सरच्या ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल असलेले, म्हणजे ज्यांना गेफिटिनिबची गोळी लागू पडते असे (अण्णांना तो बदल नाही, त्यामुळे हे त्यांच्यासाठी नाही, पण समजायला बरं). निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळीबरोबर केमो. आजार आटोक्यात राहायचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, दुप्पट, आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. पण गंभीर साइड इफेक्टसुद्धा दुप्पट झाले, १०० तल्या २५ जणांऐवजी ५१ जणांना. कुणाला तो सौदा पटेल, कुणाला नाही पटणार. ज्याच्या अंगावर येणार त्यालाच विचारायचं ते याच्यासाठी. आणि भावाला हेही सांगा की त्या ३५० जणांनी आपल्याच मुंबईत हो म्हटलं म्हणून आज आपल्याकडच्या पेशंटच्या उपचारात केमो घालायची का हा प्रश्न आकडे हातात धरून विचारता येतो.

आता गुरुवारचं. माहितीपत्रक आणि संमतीचा फॉर्म आधीच घरी मागून घ्या, मराठीतला, द्यावाच लागतो, आणि सही झाली तर एक कॉपी तुमच्याकडे राहिली पाहिजे. अण्णांना स्वतः वाचू द्या, पेन द्या हातात, जिथे कळलं नाही तिथे खूण करतील. तुमच्या ट्रायलमध्ये दोन्हीकडे खरं औषध आहे हे बरं आहे, इतर वाचकांनी मात्र आवर्जून विचारावं की एका गटाला नुसतं दिसायला औषध, म्हणजे प्लासिबो आहे का, आणि असेल तर त्याबरोबर नेहमीचा उपचार चालू आहे ना. टप्पा कुठला तेही विचारा, फेज एक म्हणजे मुख्यतः डोस किती झेपतो ते बघतात, तिथे फायद्याची आशा फार धरायची नसते. मग पैशाचं स्पष्ट बोला, लाजू नका. नवीन औषध फुकट असतं, पण कॉम्प्युटरने डॉसिटॅक्सेल दिलं तर ते कोण देणार, जादाचे सीटी आणि रक्ताच्या तपासण्या कोण देणार, येण्याजाण्याचं भाडं मिळतं का, आणि महात्मा फुले योजनेत चालू असलेले उपचार याच्यामुळे अडणार तर नाहीत ना. किती वेळा यावं लागेल? तुमच्या गावाहून एक फेरी म्हणजे अख्खा दिवस, आजारी माणसाला तो प्रवासच केमोइतका दमवतो, पहिल्या दोन महिन्यांत किती फेऱ्या ते तारखांसकट लिहून मागा. परत बायोप्सी करावी लागणार का? औषध लागू पडलं आणि ट्रायल संपली तर पुढे मिळत राहील का? याची तरतूद नियमात आहे, पण अटी आहेत, तुमच्या कागदात काय लिहिलंय ते बघा. आजार वाढला तर लगेच बाहेर काढून पुढचं काय देणार?

आणि एक फार महत्त्वाचं, रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा. डॉसिटॅक्सेल असो की नवीन औषध, केमोनंतर १००.४ च्या वर ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबायचं नसतं, पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन काही तासांत हाताबाहेर जातं. वर सांगितलेल्या २००० सालच्या ट्रायलमध्ये मोठ्या डोसवर जे गेले त्यातले काही अशाच तापाने गेले. तालुक्यातल्या कुठल्या दवाखान्यात रात्री जायचं, तिथल्या डॉक्टरांना कुठला कागद दाखवायचा, हे आधीच ठरवा, तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवा. नवीन औषधांपैकी काहींमुळे फुफ्फुसाला सूज येते, अण्णांचं तर फुफ्फुसच आजारी, त्यामुळे दम वाढला, कोरडा खोकला वाढला तर वाट न बघता कळवायचं का, ते विचारून घ्या. कुणी काढा, भस्म, पावडर देत असेल (देणारे असतातच, प्रत्येक घरात एक तरी) तर ते डॉक्टरांना सांगा, ट्रायलमध्ये तर लपवूच नका, त्रास कशाने झाला तेच कळत नाही मग.

अण्णा हो म्हणाले आणि चिठ्ठीत डॉसिटॅक्सेल निघालं तर घरात सुतकी चेहरे करू नका. तेच औषध ट्रायल न घेता मिळणार होतं, आणि ट्रायलमध्ये तपासण्या जास्त काटेकोर होतात. हे आधीच बोलून ठेवा, विशेषतः चुलतभावाशी, नाहीतर "नवीन नाही मिळालं" एवढंच तो फोनवर दहादा बोलेल आणि अण्णांच्या कानावर जाईल.

ते नाही म्हणाले तर? तर ट्रायल नाही, डॉसिटॅक्सेल आहे. डॉसिटॅक्सेलही नको म्हणाले तरी "आता काही करण्यासारखं नाही" असं नसतं. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार, म्हटलं की शेवटच्या आठवड्यातलं मॉर्फिन अशी एक समजूत आहे, ती मोडा. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर नुकताच कळलेल्या, पसरलेल्या आजाराच्या १५१ पेशंटवर ट्रायल झाली होती, २०१० ची, निम्म्यांना केमोबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह टीम, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. टीम मिळालेल्यांचे दिवस जास्त बरे गेले, उदासी कमी, शेवटी शेवटी केमोचा मारा कमी, आणि तरीही ते जास्त जगले, ११.६ महिने विरुद्ध ८.९. तेव्हा गुरुवारी ट्रायल ठरो न ठरो, दम लागणं, दुखणं, झोप, भूक यासाठी पॅलिएटिव्हची ओपीडी कधी असते ते विचारूनच परत या. हे आधीच सुरू व्हायला हवं होतं असं मला वाटतं, पण आजही उशीर झालेला नाही.

शेवटचं, तुम्ही लिहिलंय की चुकलो तर जन्मभर लागून राहील. ताई, यात बरोबर उत्तर कुठेतरी लिहून ठेवलंय आणि तुम्हाला ते शोधायचंय असं नाहीये. ट्रायल घेतली आणि बरं नाही झालं, तर न घेता काय झालं असतं ते कोणाला कळणार नाही. नाही घेतली तरी तसंच. इतक्या वर्षांत माझ्याकडे नंतर भेटायला आलेल्या मुला-मुलींपैकी "ते औषध द्यायला नको होतं" असं म्हणणारे थोडे होते. "आम्ही कधी बोललोच नाही" म्हणून रडणारे खूप होते.

गुरुवारपर्यंत बोलणं झालं नाही, जीभच उचलली नाही, तर डॉक्टरांकडून एक आठवडा मागून घ्या. पेशंट घ्यायची मुदत कधी संपते एवढं विचारा म्हणजे धाकधूक कमी होईल, आणि मधल्या काळात उपचार थांबल्याने काही बिघडणार आहे का तेही. आणि ज्या दिवशी जाल त्या दिवशी अण्णांना बाहेर बाकावर बसवून तुम्ही दोघं भावंडं आत जाऊ नका. त्यांना आत घ्या, डॉक्टरांच्या समोरची खुर्ची त्यांना द्या, चष्मा बरोबर घ्यायला लावा, तुम्ही मागे उभ्या राहा.